पाण्यांतून जीप नेतांना
भोकरकडील काळ्या मातींतला ओढा भरला कीं जीपवाल्याला मोह होतो. ओढ जोराची असेल तर पाणी ओसरेपर्यंत थांबावें. इंजिनाचा विचार नंतर. इंजिनाचा घात होतो तो हवेच्या नळीवाटें आंत शिरणाऱ्या पाण्यानें. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलें जात नाहीं. दट्ट्या वर येतां येतां अडतो आणि पोलादी दांडा वांकतो. २०२० सालच्या महिंद्रा थारचीहि मर्यादा ६५० मिलिमीटरच! म्हणून आधीं काठीनें खोली व तळ पाहावा. मग खालच्या गिअरांत, माणसाच्या चालीनें, न थांबतां जावें. पाण्यांत इंजिन बंद पडलेंच, तर स्टार्टर मुळींच दाबूं नये. गाडी ओढून काढावी. पलीकडे गेल्यावर हळूहळू चालवीत ब्रेक दाबून वाळवावे.