सांबा मसुरीत काय बिघडवले?

सांबा मसुरी हा दक्षिणेतला लाडका तांदूळ. बारीक दाणा, मऊ भात, बाजारात भावही बरा. खोड एकच, शेत पाच महिने अडवून ठेवतो. याच वाणावर हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने काम केले आणि ‘कमला’ तयार झाला. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो जाहीर केला. शिफारशीच्या राज्यांत महाराष्ट्रही आहे.

कमलामध्ये एक जनुक मुद्दाम निकामी केले आहे. लोंबी घडत असताना तिच्या कोवळ्या शेंड्यात सायटोकायनिन हे संप्रेरक नव्या पेशी वाढवत असते. सीकेएक्स२ या जनुकातून बनणारे विकर ते संप्रेरक संपवत राहते. विकर थंडावले, की संप्रेरक टिकते आणि लोंबीत दाणे वाढतात. जपानी संशोधकांनी हे २००५ मध्येच दाखवले होते, तेही एका वाणात निसर्गतः झालेल्या बदलावरून.

मग साधा संकर का नको? करता येतो. पण हव्या जनुकाला चिकटून शेजारची नको ती जनुकेही येतात. ती झटकायला मूळ वाणाशी पुन्हापुन्हा संकर करत पिढ्या घालवायच्या, आणि शेवटी दाण्याचा बारीकपणाच गेला तर सगळेच मुसळ केरात.

त्याऐवजी क्रिस्पर-कॅस९सारखी कात्री मूळ वाणाचाच डीएनए नेमक्या जागी कापते. पेशी तो सांधताना एखादे अक्षर गाळते किंवा वाढवते आणि जनुक बिघडते. मात्र कात्रीचे जनुक मुळात जिवाणूचे. ते आधी रोपात घालावे लागते. मग काढायचे कसे? मेंडेलच्या जुन्याच नियमाने. रोपाचे स्वपरागण होऊ दिले, की पुढच्या पिढीत साधारण चौथाई रोपांत कात्री उतरतच नाही. त्यांतली हवा तो बदल टिकलेली रोपे निवडायची.

म्हणूनच मार्च २०२२ मध्ये केंद्राने अशा वाणांना जनुकसुधारित (जीएम) पिकांच्या कडक नियमांतून वगळले. मला ते पटते. बीटी कपाशीसारखे परके जनुक इथे पिकात राहत नाही. पण कमलाचे १९ टक्के जास्त उत्पादन आणि २० दिवस आधी काढणी, हे दावे वाण काढणाऱ्यांचेच आहेत. खत-पाणी कमी पडले तर वाढीव दाणे भरतात की पळंज राहतात, हे शेतकऱ्याला कळायला हवे. चाचण्यांची सगळी आकडेवारी खुली हवी.

दुसरा प्रश्न मालकीचा. कॅस९ची पेटंटे परदेशी संस्था-कंपन्यांकडे आहेत, तेव्हा बियाणे विकायचे तर परवान्याचे लचांड आलेच. कटकच्या भात संशोधन संस्थेत टीएनपीबी या कॅस९हून बऱ्याच लहान प्रथिनाने भातात जनुक-संपादन करून दाखवले आहे. म्हणजे कॅस९वाचूनही काम होऊ शकते; ते या दृष्टीने महत्त्वाचे.