उकळणारा पाषाण

विहिरीचें पाणी जड असलें म्हणजे डाळ लवकर शिजत नाहीं व साबणास फेंस येत नाहीं, ही देशावरील गृहिणींची जुनी तक्रार आहे. पाण्यांत विरघळलेले कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे क्षार हें तिचें कारण. त्यावर चालणारा एक उपाय पाषाणांच्या ज्या कुळांत सांपडतो, तें कूळ आपल्याच डोंगरांच्या पोटांत नांदत आहे, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. त्यास झिओलाइट म्हणतात.

इ. स. १७५६ मध्यें क्रोन्स्टेट नामक स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानें असा एक खडा तापविला, तों त्यांतून वाफ निघून तो उकळल्यासारखा दिसूं लागला. म्हणून त्यानें 'उकळणें' व 'दगड' ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हें नांव घडविलें. त्यांपैकीं पहिल्याचा धातु व आपला संस्कृत 'यस्' धातु हे सगोत्र होत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'आयास', 'प्रयास' हे शब्द त्याच 'यस्'चे! आम्हांस ह्या नात्याची मोठी मौज वाटते. असो.

खड्यांत पाणी आलें कोठून? ॲल्युमिनियम, सिलिकॉन व प्राणवायु ह्यांच्या अणूंची सांगड येथें अशी बसलेली असते कीं, मधाच्या पोळ्याप्रमाणें सबंध स्फटिकभर ठराविक मापाच्या अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांत पाणी असतें, आणि सोडियमसारख्या धातूंचे विद्युद्भारित कण सैलसर बसलेले असतात. जड पाणी ह्यांतून जाऊं दिलें म्हणजे कॅल्शियमचे कण आंत शिरतात, सोडियमचे बाहेर पडतात व पाणी हलकें होतें. घरें भरलीं कीं मिठाचें दाट पाणी सोडावें. उलट अदलाबदल होऊन झिओलाइट पुन्हा कामास सिद्ध. कपडे धुण्याच्या कित्येक चूर्णांतही तो ह्याचसाठीं घालतात. मात्र अशा पाण्यांत सोडियम वाढतो, म्हणून ज्यांस मीठ वर्ज्य सांगितलें आहे त्यांनीं तें पिण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

त्याचें सर्वांत पुण्याचें काम मात्र कित्येक घरांनीं २०२१ सालीं करोनाच्या लाटेंत पाहिलें. रुग्णाच्या उशाशीं घरघरणाऱ्या त्या यंत्रांत प्राणवायूचा सांठा नव्हताच. तें खोलींतलीच हवा दाबानें झिओलाइटाच्या दाण्यांतून नेत होतें. हवेंत सुमारें ७८ टक्के नायट्रोजन. तो दाबाखालीं दाण्यांस धरून राहतो व प्राणवायु पुढें निसटतो. दाब उतरतांच नायट्रोजन सुटतो. दोन नळकांडीं पाळीपाळीनें हें काम करितात, म्हणून श्वासाचा पुरवठा अखंड चालतो.

हे दाणे कारखान्यांत होतात. आपल्या डोंगरांतील स्फटिक पाहण्याचे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा लाव्हारस. त्यांतील बुडबुड्यांच्या पोकळ्यांत ऊन पाणी झिरपून स्टिल्बाइटाच्या फिकट गुलाबी जुड्या व स्कोलेसाइटाच्या पांढऱ्या सुया तयार झाल्या. पुणें, नाशिक, जळगांव ह्या भागांतील असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मानानें ठेविलेले आहेत. सिन्नरचें 'गारगोटी' संग्रहालय तर घरचेंच. आणि आपण ते खडीच्या यंत्रांत बेलाशक भरडतों!

मुलांस खडीच्या ढिगांत चमकता पांढरा खडा मिळाल्यास त्यावर वडील माणसानें पोलादी चाकूचें टोंक ओढून पाहावें. गारेवर ओरखडा उठत नाहीं, झिओलाइटावर बहुधा उठतो. कॅल्साइटावरही उठतो खरा. पण त्याच्या चूर्णावर लिंबू पिळलें तर बारीक बुडबुडे येतात.