जीर्णोद्धारासाठीं जुन्या मोटारसायकलची निवड

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे वरच्या इयत्तांतील कोणी ना कोणी विद्यार्थी आम्हांस हटकून विचारतो, “सर, एखादी जुनी मोटारसायकल घेऊन हिवाळ्यांत नीट करावयाची आहे, कोणती घ्यावी?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढें बहुधा एक तांबडी, लखलखीत यामाहा उभी असते. त्याच्या वडिलांच्या डोळ्यांपुढें मात्र अंगणांत सुटी करून टाकलेली, पावसांत गंजणारी व पैसे गिळून बसलेली लोखंडाची रास असते. दोघांचीही कल्पना निराधार नाहीं. ह्यांपैकीं कोणतें चित्र खरें ठरेल, हें पुढील श्रमांवर जितकें अवलंबून असतें, त्याहून अधिक पहिल्या निवडीवर अवलंबून असतें. म्हणून मुलांनीं व पालकांनीं एकत्र बसून वाचावा अशा बेतानें त्या निवडीचा विचार येथें केला आहे.

‘जुनी जपानी मोटारसायकल’ म्हणजे आपल्याकडे काय, हें प्रथम पाहूं. युरोप-अमेरिकेंत ह्या शब्दांनीं विशेषेंकरून १९६० व १९७० नंतरच्या दशकांत होंडा, यामाहा, सुझुकी व कावासाकी ह्या कंपन्यांनीं जपानांत बनविलेलीं वाहनें समजलीं जातात. त्या काळीं आपल्या देशांत परदेशी वाहनांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळें तीं येथें फारशीं आलींच नाहींत. पुढें सरकारनें परकीय सहकार्यास वाट दिली आणि जपानी रचनेच्या, परंतु भारतांत बांधलेल्या गाड्या रस्त्यावर आल्या. १९८३ सालीं यामाहाच्या रचनेची राजदूत ३५० आली. १९८४ सालीं तामिळनाडूंतील होसूर येथून इंड-सुझुकी निघाली. १९८५ सालीं हिरो होंडा सी. डी. १०० व यामाहा आर. एक्स. १०० आणि १९८६ सालीं कावासाकी-बजाज के. बी. १०० बाजारांत आली. आमच्या छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेस, हीं वर्षें विशेष स्मरणीय आहेत. कारण बजाज कंपनीचा वाळूज येथील कारखाना १९८५ सालींच सुरू झाला. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत ज्यांनीं उमेद घालविली, त्यांच्या जिन्याखालीं पोत्यानें झांकलेली त्या काळची एखादी गाडी अजूनही दिसते.

हिवाळाच कां निवडावा, असें कोणी विचारील. थंड देशांत बर्फामुळें गाडी बाहेर काढतां येत नाहीं, म्हणून तेथील हौशी लोक त्या दिवसांत ती उघडून बसतात. आमचें कारण निराळें आहे. पावसाळ्यांत हवेंत ओल असते. घांसून स्वच्छ केलेलें लोखंड एका रात्रींत तांबूस होतें आणि नवा रंग पांढरट पडतो. मार्गशीर्ष-पौषांत मराठवाड्याची हवा कोरडी असते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सुमारें दहा-बारा रविवार हातीं येतात. त्यापुढें परीक्षांचे वेध लागतात. तेव्हां ह्या दहा-बारा रविवारांत जें काम बहुतांशीं उरकेल, तेंच अंगावर घेणें शहाणपणाचें होय. ह्या दृष्टीनें निवडीपूर्वीं चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न कागदपत्रांचा. इंजिन बिघडलें असल्यास मिस्त्री तें सुधारूं शकतो. कागद बिघडले असल्यास त्यावर मिस्त्रीचा इलाज चालत नाहीं. चेसिसवरील व इंजिनावरील क्रमांक स्वतः डोळ्यांनीं वाचावे आणि आर. सी. बुकांतील क्रमांकांशीं अक्षरशः ताडून पाहावे. क्रमांकाची जागा घांसलेली दिसली किंवा अंक वांकडेतिकडे ठोकलेले वाटले, तर तेथूनच परत फिरावें. गाडीवर कर्जाची नोंद शिल्लक आहे काय, हेंही पाहावें. मालकी बदलण्यासाठीं नमुना २९ व ३० ह्यांवर मूळ मालकाची सही लागते. गाडी परराज्यांतील असल्यास तेथील ना-हरकत दाखलाही लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षें चालते. त्यानंतर दर ५ वर्षांनीं गाडी तपासणीस नेऊन, पर्यावरण कर भरून ती नवी करून घ्यावी लागते. जुनी गाडी म्हणजे ‘व्हिंटेज’ आणि तिला निराळी सवलत, अशी कित्येकांची समजूत आहे. परंतु २०२१ च्या नियमांप्रमाणें तो मान पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें लोटलेल्या गाडीसच मिळतो. १९८५ ची गाडी त्या पंक्तीस २०३५ सालीं बसेल.

दुसरा प्रश्न गाडीच्या पुरेपणाचा. गंज वरवरचा असेल, सीट फाटलें असेल, टायर बसले असतील, तर भिण्याचें कारण नाहीं. हीं दुखणीं पैशानें व श्रमानें बरीं होतात. परंतु बाजूचें मूळ झांकण, टाकी, एअर-फिल्टरची पेटी, कार्ब्युरेटर किंवा मीटर जागेवर नसेल, तर तो शोधण्यांत सगळा हिवाळा निघून जातो. हँडल जेथें चेसिसला मिळतें तेथें तडा किंवा नवें वेल्डिंग आहे काय, हें बॅटरीच्या उजेडांत पाहावें. किक पायानें न मारतां हातानें हळूच दाबावी. ती खालीं गेली व दाब जाणवला, तर पिस्टन मोकळा आहे. अजिबात हलली नाहीं, तर तो अडकला आहे असें समजून त्याप्रमाणें किंमत ठरवावी. आणि कोणी पूर्वींच सुटी करून पोत्यांत भरलेली गाडी स्वस्त मिळाली, तरी नवशिक्यानें ती घेऊं नये. जी गाडी आपण स्वतः उघडली नाहीं, ती जोडावयाची कशी, हें कळत नाहीं.

तिसरा प्रश्न यंत्ररचनेचा व सुट्या भागांचा. ह्या काळच्या गाड्या दोन जातींच्या आहेत. टू-स्ट्रोक इंजिनांत क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास एकदां इंधन पेटतें. फोर-स्ट्रोकमध्यें दर दोन फेऱ्यांस एकदां. म्हणूनच जवळजवळ सारख्याच आकाराच्या इंजिनांतून आर. एक्स. १०० सुमारें ११ अश्वशक्ति देई आणि सी. डी. १०० सुमारें ७. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरवर व्हॉल्व्ह व कॅमशाफ्ट नसतात. सिलिंडरच्या भिंतींतील खिडक्या पिस्टनच वरखालीं होतांना उघडतो व मिटतो. त्यामुळें भाग थोडे व काम सोपें, असें वाटतें. आणि पुष्कळ अंशीं तें खरेंही आहे. परंतु एक मेख आहे. ह्या इंजिनांत हवा व पेट्रोल क्रँकच्या पेटींतून वर जातें. पेटीचें जुनें ऑइल-सील कडक होऊन फटींतून बाहेरची हवा आंत शिरली, तर पेट्रोलाचें प्रमाण कमी पडतें, इंजिन तापतें आणि चालत्या गाडींत पिस्टन जाम होतो. तें सील बदलावयाचें म्हणजे बहुधा इंजिन खोलावें लागतें. शिवाय पेट्रोलाबरोबर तेलही जळत असल्यामुळें धूर होतो. धुराविषयींचे नियम कडक झाले, तेव्हां १९९६ सालीं आर. एक्स. १०० चें उत्पादन थांबलें. तिची कीर्ति मात्र वाढतच गेली. आणि जेथें कीर्ति मोठी तेथें भाव चढा व बनावट मालही अधिक, हा बाजाराचा नियम आहे.

राजदूत ३५० हिला दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर आणि मूळचे सुटे भाग दुर्मिळ. ती पहिल्या प्रयत्नाची गाडी नव्हे. के. बी. १०० विषयीं आमच्या नगरांत आपुलकी असणें साहजिक आहे. तथापि तिचेही भाग शोधावे लागतात. सी. डी. १०० ची गोष्ट वेगळी. तिच्याच घडणीचें ९७.२ घनसेंटिमीटरचें इंजिन १९९४ नंतर स्प्लेंडर गाड्यांत दीर्घकाळ चालत राहिलें. म्हणून तिच्या इंजिनाचे बरेच भाग अथवा त्यांस लागू पडणारे भाग तालुक्याच्या दुकानांतही मिळतात, आणि तें इंजिन डोळे मिटून जोडणारा मिस्त्री गल्लोगल्लीं भेटतो.

चौथा प्रश्न स्वतःच्या कुवतीचा. जागा कोरडी आहे काय? हत्यारें कोणतीं आहेत? खरेदीस जितके पैसे लागतील, निदान तितकेच दुरुस्तीसाठीं बाजूस काढतां येतील काय? तिसऱ्या रविवारीं पैसे संपले, तर चौथ्या रविवारीं उत्साहही संपतो.

आतां आमचाच अनुभव सांगतों. दोन वर्षांपूर्वीं आम्ही दहावीच्या चार विद्यार्थ्यांस घेऊन अशा शोधार्थ निघालों. मुलांनीं आधींच एक आर. एक्स. १०० हेरून ठेविली होती. रंग नवा, क्रोम नवा, एका किकेंत सुरू. मुलें तर तिच्या आवाजानेंच वेडावून गेलीं. आम्हीं क्रमांक पाहावयास मागितला. चेसिसवरील दोन अंक इतर अंकांहून खोल व तिरपे दिसत होते. विकणारा म्हणाला, “कागद मागाहून देतों.” आम्ही नमस्कार करून निघालों. परततांना चौघांपैकीं एकानेंही आमच्याशीं शब्द काढला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही मन त्या गाडींत गुंतलें होतें.

पुढच्या आठवड्यांत त्यांतीलच एका मुलाच्या शेजारीं, कारखान्यांतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या जिन्याखालीं सी. डी. १०० निघाली. धुळीनें रंग ओळखूं येईना; पण आर. सी. बुक, पहिल्या खरेदीची पावती, टाकीच्या झांकणाची किल्ली, सर्व एका डब्यांत जपून ठेविलेलें. ते म्हणाले, “सर, पहिल्या पाळीला पहांटे हिच्यावरच जात होतों. किंमत तुम्हीच ठरवा. फक्त सुरू झाली कीं मला एकदां मागें बसवा.” मुलांचे चेहरे अजूनही उतरलेले होते. त्यांतील एक जण हळूच म्हणाला, “काका, ही सुरू होईल?” ते हंसून म्हणाले, “आधीं तेल बघ, मग मला विचार.”

त्या हिवाळ्यांत जें शिकलों, तें थोडक्यांत असें. उघडण्यापूर्वीं प्रत्येक भागाचें छायाचित्र घ्यावें; स्क्रू व नटबोल्ट निरनिराळ्या पिशव्यांत घालून वर नांव लिहावें. जपानी घडणीच्या गाडीचे चौफुलीचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरनें घसरून खराब होतात. त्यांस जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर मिळवावा, हें आम्हांस पांच स्क्रूंचीं डोकीं गेल्यावर कळलें. टाकींतील गंज काढण्यास लिंबाच्या सत्त्वाचें पाणी दोन दिवस ठेवून, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुऊन ती लागलीच वाळवावी. पेट्रोलाच्या टाकीस वेल्डिंग घरीं कधींही करूं नये. टाकी रिकामी दिसली, तरी आंतील वाफ स्फोटास पुरते. जुन्या ब्रेकची धूळ तोंडानें फुंकूं नये, कारण त्या काळच्या लायनरमध्यें ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ओल्या फडक्यानें ती पुसावी. सिलिंडरचें बोअरिंग लेथवाल्याकडेच द्यावें. त्यास अगोदर नवा पिस्टन नेऊन द्यावा, म्हणजे तो त्या मापाचें भोंक करतो. उलट क्रमानें गेल्यास मापाचा पिस्टन शोधीत हिंडावें लागतें.

संक्रांतीस गाडी सुरू झाली नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. कॅमशाफ्ट झिजलेला निघाला आणि दोन रविवार वाढले. परंतु भाग त्याच दिवशीं मिळाला. तो मिळाला नसता, तर ती गाडी आजही सुटीच असती. पुढें नोंदणी नवी होऊन आल्यावर महाशिवरात्रीच्या सुमारास त्या गृहस्थांस मागें बसवून आम्ही नगर नाक्यापर्यंत गेलों. चौघे विद्यार्थी सायकलींवर मागून आले.

ते सायकलींवर कां आले, हेंही पालकांसाठीं स्पष्ट करणें अवश्य आहे. गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना १८ वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं. अल्पवयी मुलानें गाडी चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालकास अथवा गाडीच्या मालकास २५,००० रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तेव्हां शाळकरी मुलाचा अधिकार पान्यावर आहे, हँडलवर नाहीं. ही अट आरंभींच ठरली, तर बापलेकांत पुढें वाद उरत नाहीं.

असो. कीर्ति पाहून घेतलेली गाडी शेजारी क्षणभर वळून पाहतात. कागद, पुरेपणा व सुटे भाग पाहून घेतलेली गाडी चालते. ह्या हिवाळ्यांत जे विद्यार्थी असा उद्योग आरंभणार असतील, त्यांनीं बाजारांत जाण्यापूर्वीं आपल्या आजोबांच्या, काकांच्या व शेजाऱ्यांच्या जिन्याखालीं एकदां डोकावून पाहावें. पोतें उचलावें, तेल पाहावें, आणि गाडीबरोबर तिच्या मालकाचीही विचारपूस करावी. तिचीं दुखणीं त्याच्याइतकीं दुसऱ्या कोणास ठाऊक नसतात.