दुधाचे दात पडणारच आहेत, मग जपायचे कशाला?

"दुधाचेच दात आहेत, पडणारच की!" हे वाक्य आपल्या बहुतेक घरांत ऐकायला मिळते. दादी म्हणते, नानी म्हणते, कधी अब्बूही म्हणतात. मग तीन वर्षांचे लेकरू रात्री दोन वाजता गाल धरून रडते आणि सगळे घर जागे होते.

दुधाचे दात एकूण २०. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो. पुढचे दात सहा-सात वर्षांचे झाल्यावर पडतात हे खरे, पण मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात. किडलेली दाढ लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात सरकतात आणि पक्का दात वाकडा येऊ शकतो. शिवाय दुखऱ्या दाताचे मूल नीट जेवत नाही.

कीड लागते कशी?
तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दात पोखरते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्री हे काम जोरात चालते. म्हणूनच गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणे सगळ्यात घातक. रमजानमध्ये सेहरीला घर उठते, बाळही जागे होते, आणि गप्प बसावे म्हणून पुन्हा बाटली दिली जाते. इफ्तारचा शरबत बाटलीत भरून देणेही टाळा. बाटली हवीच असेल तर झोपताना तिच्यात फक्त पाणी.

याचा अर्थ अंगावरचे दूध तोडा असा नाही. कुरआनने पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख केला आहे. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षे आणि त्यापुढेही पाजा असेच सांगते. फक्त दात आल्यावर रात्री झोपण्याआधी ते साफ करा.

काय करायचे?
- दात येण्याआधी स्वच्छ ओल्या कपड्याने हिरड्या पुसा.
- पहिला दात आला की मऊ ब्रश, सकाळी आणि रात्री. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. ब्रश मोठ्यांनीच करावा.
- यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी पेस्टबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.
- आठवड्यातून एकदा वरचा ओठ उचलून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात समजा. या टप्प्यावर दात वाचवता येतो.
- पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत तपासणीला येणारे सरकारी पथक दातही पाहते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

काय करू नये?
चोखणी मधात बुडवून देऊ नका. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तहनीक करायची तर खजुराने करा, मधाने नको. दात येताना हिरड्यांना मशेरी चोळणे तर साफ बंद करा, ती जाळलेली तंबाखूच आहे.

घराने एकत्र पाळायचा सल्ला
डॉक्टरांचा सल्ला बहुधा एकटी आई ऐकून येते. घरी आल्यावर कोणी प्रेमाने साखर घातलेले दूध देते, आणि आईने अडवले तर "आमची मुलं काय अशीच वाढली का?" असे ऐकावे लागते. म्हणून पुढच्या वेळी दादीलाही दवाखान्यात सोबत न्या. एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की तीच घरात सगळ्यांना सांगेल.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मिस्वाकवर किती भर दिला, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. नमाजाआधी मिस्वाक करणाऱ्या अब्बूंकडे लेकरू टक लावून बघत असते. त्याच वेळी त्याचा छोटा ब्रश हातात घ्या. सवय तिथूनच लागेल, इन्शाअल्लाह.