सदसद्‌विवेकस्वातंत्र्य

धर्मश्रद्धेच्या बाबतीत व्यक्तीने आपल्या सदसद्‌विवेकबुद्धीचा कौल मानावा आणि राज्यसंस्थेने त्यात सक्ती करू नये, हे तत्त्व. पाश्चात्त्य उदारमतवादी समाजाच्या नैतिक पायातील हे एक मूलभूत तत्त्व असून विचारस्वातंत्र्य, भाषणस्वातंत्र्य इ. अधिकार बव्हंशी त्याच्या अनुषंगाने विकसित झाले. ते धर्माच्या विरोधातून उदयास आले, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि सोळाव्या-सतराव्या शतकांत त्याचा पुरस्कार करणारे बहुतेक विचारवंत निष्ठावान ख्रिस्ती होते व त्यांचे युक्तिवादही धार्मिक होते. त्यांचा छळ करणारेही तितकेच निष्ठावान ख्रिस्ती होते, ही गोष्ट मात्र दृष्टीआड करता येत नाही.

त्रैक्याचा सिद्धांत नाकारल्याबद्दल मायकेल सर्व्हीटस या स्पॅनिश वैद्यास १५५३ मध्ये जिनीव्हा येथे जिवंत जाळण्यात आले. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने त्याच्या देहदंडाचे समर्थन केले. बाझेल येथील सबास्त्यँ कास्तेल्यो (१५१५–६३) याने पुढच्याच वर्षी टोपणनावाने ग्रंथ प्रसिद्ध करून अशा शिक्षांचा निषेध केला. आपल्याशी मतभेद असलेल्या प्रत्येकास पाखंडी ठरविण्याची सवय सर्वच पंथांना जडली आहे, असे त्याचे म्हणणे होते.

या विचारास राजकीय रूप दिले ते रॉजर विल्यम्स (सु. १६०३–८३) याने. मॅसॅचूसेट्सच्या प्यूरिटन वसाहतीतून १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाल्यावर त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स हे नगर वसविले व तेथील शासनाचा अधिकार केवळ ऐहिक बाबींपुरता मर्यादित ठेवला. सक्तीची उपासना म्हणजे ईश्वराचा उपमर्द होय. तिच्यातून श्रद्धा नव्हे, तर दंभ निपजतो आणि दंडसत्तेच्या स्पर्शाने चर्चच भ्रष्ट होते, अशी त्याची भूमिका होती. राज्य व चर्च यांची फारकत त्याला हवी होती, ती मुख्यतः चर्चच्या रक्षणासाठी. क्वेकर पंथाची मते त्याला अत्यंत अप्रिय होती आणि १६७२ मध्ये त्याने त्यांच्याशी जाहीर वादही घातला. परंतु मॅसॅचूसेट्समध्ये १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी देण्यात आली, तर ऱ्होड आयलंडमध्ये त्यांना निर्वेधपणे राहता आले. सहिष्णुतेची खरी कसोटी अशा अप्रिय मतांच्या बाबतीतच लागते.

जॉन लॉक (१६३२–१७०४) याचे सहिष्णुतेवरील प्रसिद्ध पत्र १६८९ चे. श्रद्धा बळाने निर्माण होत नाही, हा त्याच्या विवेचनाचा गाभा आहे. परंतु निरीश्वरवाद्यांना त्याने या सहिष्णुतेतून वगळले; कारण ईश्वर न मानणाऱ्यास शपथ बंधनकारक वाटणार नाही, अशी त्याची समजूत होती. प्येअर बेल (१६४७–१७०६) या फ्रेंच प्रॉटेस्टंटाचा भाऊ १६८५ मध्ये धर्मछळापायी तुरुंगात मरण पावला. बेलने मात्र निरीश्वरवाद्यांचा समाजही नीतिमान असू शकेल, असे १६८२ मध्येच सुचविले होते. या बाबतीत तो लॉकच्या पुष्कळच पुढे गेला. इंग्लंडमध्ये शपथेचा प्रश्न दोन शतके रेंगाळला. चार्ल्स ब्रॅडलॉ हा निरीश्वरवादी १८८० मध्ये पार्लमेंटवर निवडून आला. परंतु त्याचे सदस्यत्व १८८६ पर्यंत निर्वेध झाले नाही. शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा सर्वसाधारण अधिकार १८८८ च्या कायद्याने मिळाला. मुंबई येथे १८८९ मध्ये भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनास आलेला ब्रॅडलॉ तो हाच.

रोमन कॅथलिक चर्चने एकोणिसाव्या शतकात या तत्त्वाचा अधिकृतपणे धिक्कार केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र १९६५ मध्ये मानवी प्रतिष्ठेच्या आधारे त्यास मान्यता दिली.

हे तत्त्व धर्मश्रद्धेच्या आधाराविना टिकेल काय, हा प्रश्न वादग्रस्त आहे. इमॅन्युएल कांटने (१७२४–१८०४) नीतीचे अधिष्ठान मानवी बुद्धीत शोधले. ख्रिस्ती श्रद्धा सोडून तिची नीती राखता येणार नाही, असे नीत्शेला (१८४४–१९००) वाटे. जर्मन न्यायविद ई. डब्ल्यू. ब्यॉकनफ्यर्ड (१९३०–२०१९) याने १९६०–७० या दशकात असे प्रतिपादिले, की उदारमतवादी राज्य ज्या नैतिक गृहीतांवर जगते, त्यांची हमी त्याला स्वतःच्या बळावर देता येत नाही. सक्तीने देऊ गेल्यास ते उदारमतवादी राहत नाही. धर्माच्या समर्थकांनी या विधानाचा पुष्कळ आधार घेतला. तथापि स्वतः कॅथलिक असलेल्या ब्यॉकनफ्यर्डचा रोख कॅथलिकांनी धर्मनिरपेक्ष राज्य मनापासून स्वीकारावे, याकडेच होता.