बद्धकोष्ठ ओळखावे कसे?

“पोट साफ होत नाही” ही तक्रार कागल पंचक्रोशीत घरोघरी ऐकू येते. पण प्रत्येकाच्या तोंडी तिचा अर्थ वेगळा असतो. कोणाला एक दिवस सकाळी झाले नाही की चैन पडत नाही. कोणी आठवडेच्या आठवडे कुंथत राहतो आणि तरीही आपल्याला काही झाले आहे असे मानीत नाही. यांतील पहिल्याला बहुधा आजार नसतो, दुसऱ्याला असतो. उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात, ओळख सांगणारे थोडे. म्हणून संस्थेच्या सभासदांसाठी व विद्यार्थी मित्रांसाठी आम्ही येथे मुख्यतः लक्षणांविषयीच लिहीत आहोत.

रोज एकदा परसाकडे झालेच पाहिजे असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा फरक निरोगी माणसांत स्वाभाविक धरतात. म्हणून नुसत्या मोजणीवर न जाता पुढील गोष्टी पाहाव्यात. मल कठीण होतो काय? जोर करावा लागतो काय? जाऊन आल्यावरही “अजून राहिले आहे” असे वाटते काय? वाट अडल्यासारखी वाटते, किंवा बोटाची मदत घ्यावी लागते काय? ही लक्षणे चारपैकी एका खेपेस तरी जाणवत असतील, किंवा आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, आणि यांतील कोणत्याही दोन गोष्टी तीन महिने टिकल्या असतील, तर डॉक्टर त्यास जुनाट बद्धकोष्ठ म्हणतात. पोट जड वाटणे, फुगणे, भूक मंदावणे ही सोबतची लक्षणे होत. ती इतर आजारांतही दिसतात, म्हणून एकट्या त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नये.

मलाचे रूप पाहणे हे सर्वांत सोपे साधन आहे. इंग्लंडातील ब्रिस्टल येथील लुईस व हीटन या डॉक्टरांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे मलाच्या सात प्रकारांचा तक्ता जगभर रूढ झाला. शेळीच्या लेंडीसारखे सुटे कठीण खडे हा पहिला प्रकार, आणि गाठी एकत्र चिकटून झालेला जाड तुकडा हा दुसरा. हे दोन्ही बद्धकोष्ठाचे. तिसरा व चौथा, म्हणजे केळ्यासारखा सलग आणि मऊ, हे उत्तम. पुढे पातळ होत जाऊन सातवा निव्वळ पाण्यासारखा. किळस न मानता पाहण्याची सवय लावली तर दवाखान्यात आपले म्हणणे एका वाक्यात सांगता येते.

मल कठीण का होतो? मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते आणि मलातील पाणी शोषून घेणे हे त्याचे एक काम. मल जितका रेंगाळेल तितका सुकतो. आलेली कळ दाबली की ती जाते, मल तेथेच राहतो. वारंवार दाबली तर मलाशय ताणले जाऊन कळ जाणवणेच कमी होते. येथे आमच्या मनात मुख्यतः मुली व स्त्रिया आहेत. शाळेतील संडास अस्वच्छ म्हणून घरी येईपर्यंत थांबणारी मुलगी, आणि गळीत हंगामात फडावर अंधार पडण्याची वाट पाहणारी ऊसतोडणी बाई, दोघी पाणीही कमी पितात. त्यांच्या दुखण्याला निव्वळ “खाण्यात चोथा नाही” असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडील आणखी एक खूण सांगितली पाहिजे. मशेरी लावल्याशिवाय किंवा तंबाखूची चिमूट धरल्याशिवाय परसाकडे होत नाही, असे पुष्कळजण सांगतात. त्यात तंबाखूतील निकोटीनचा परिणाम आहे आणि सवयीचाही. तो पोटाचा औषधोपचार नव्हे. तोंडाच्या कर्करोगाची किंमत देऊन पोट साफ करणे परवडणारे नाही. एरंडेलाचेही तसेच. जोरदार जुलाब झाल्यावर आतडे रिकामे असते, म्हणून पुढे दोन दिवस काही होत नाही. मग घरची मंडळी घाबरून पुन्हा एरंडेल देतात. विनयपिटकातील महावग्गात जीवक वैद्याने तथागतांना तीव्र विरेचन देणे योग्य न मानता सौम्य उपाय योजल्याची हकिकत आहे. हे तारतम्य त्या काळी होते!

लहान मुलांत बद्धकोष्ठ फसवे असते. दुखण्याच्या भीतीने मूल पाय आवळते, चवड्यांवर उभे राहते, दाराआड लपते. घरच्यांना वाटते, ते जोर करीत आहे. प्रत्यक्षात ते रोखून धरीत असते. कधी आत साचलेल्या कठीण मलाच्या बाजूने पातळ मल झिरपून चड्डी भरते. त्यास जुलाब समजून हगवण थांबविण्याचे औषध दिले तर दुखणे दुप्पट होते. अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांतही असेच घडते. अशा मुलाला मारू नये, ते मुद्दाम करीत नसते. अंगावर पिणारे बाळ मात्र एक महिन्यानंतर कधीकधी काही दिवस शी करीत नाही. शी मऊ असेल आणि बाळ नीट पीत असेल तर काळजी नको.

लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामके, तसेच थायरॉइडची कमतरता व मधुमेह यांमुळेही बद्धकोष्ठ होते. गरोदर स्त्रीने म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आरोग्यसेविकेला विचारावे.

साध्या बद्धकोष्ठास शाळूची भाकरी, पालेभाजी, पेरू, कडधान्ये, पुरेसे पाणी आणि जेवणानंतर दहा मिनिटे निवांत बसणे एवढे बहुधा पुरते. पण काही खुणा दिसल्यास घरी थांबू नये. मलात रक्त आले की “मूळव्याध असेल” म्हणून वर्षभर मलम लावणारे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. ती मूळव्याध असेलही, परंतु आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होतो. पन्नाशीनंतर नव्याने सवय बदलणे, वजन घटणे, रक्त कमी होणे, डांबरासारखा काळा मल (लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, हे ध्यानी ठेवावे) यांपैकी काहीही असल्यास ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सी.पी.आर.मध्ये तपासून घ्यावे. नवजात बाळाला पहिल्या दोन दिवसांत शी झाली नाही तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. आणि पोट फुगून कळा येत आहेत, उलट्या होत आहेत, वारा सरणेही बंद झाले आहे, तर ती आतडे अडल्याची खूण असू शकते. अशा वेळी एरंडेल किंवा कोणतेही जुलाबाचे औषध पाजू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.