कोणाच्या क्रमाने लिहायचं?

महसूल खात्याने गावाचा सगळा हिशेब 21 नमुन्यांत बसवला आहे. खात्याच्या दृष्टीने ही मांडणी चोख आहे. पण रावेरचा केळीवाला विचारतो, माझ्या नावावर एकूण जमीन किती, तिच्यावर बोजा आहे का, वारसनोंद झाली का? पहिल्याचं उत्तर आठ-अमध्ये, दुसऱ्याचं सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्कां'त, तिसऱ्याचं नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफारात. 2020 मध्ये सातबारा नव्याने मांडला गेला. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक त्यावर दिसू लागला, दोन खातेदारांच्या मध्ये रेघ आली. बदल छोटे, पण वाचणाऱ्याच्या बाजूने झालेले.

माहिती अधिकार कायद्याच्या (2005) कलम 4 ने कार्यालयांना 17 बाबी आपणहून जाहीर करायला लावल्या. यादी सुरू होते ती कार्यालयाच्या रचनेपासून. अनुदानाचा नंबर बारावा! त्याच कलमात स्थानिक भाषा आणि त्या भागात परिणामकारक ठरणारी पद्धत यांचाही विचार करा, असं सांगितलं आहे. सुलभ भाषेचं 2023 चं आंतरराष्ट्रीय मानक याच वाटेने जातं: वाचकाला हवं ते सापडावं, कळावं आणि वापरता यावं. आपल्याकडे चर्चा मधल्या 'कळावं'वरच अडते. बोजड शब्द काढले की काम झालं, असं समजतात.

वाचकाच्या क्रमाने लिहायला शिकवायचं कसं? साने गुरुजींनी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालवलं. त्यांचा वाचक त्यांच्या पंक्तीला जेवत होता. आजच्या कारकुनाला ती सोय नाही. त्याने वाचकापर्यंत चालत जायला हवं. जळगावच्या विद्यापीठात मराठी, पत्रकारिता आणि संगणकाची मुलं एकत्र बसवून हा विषय सहज शिकवता येईल. शेतकऱ्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि त्या त्यांनाच क्रमाने लावायला सांगायच्या. धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या पावरी बोलणाऱ्या बाया वेगळा क्रम लावतील, साक्रीचे अहिराणी बोलणारे शेतकरी आणखी वेगळा. (मंत्रालयातला क्रम कोणाशी जुळेल, याची पैज लावायला हरकत नाही.)

पहिला धडा म्हणून केळीचा हवामान-आधारित विमा घ्यावा. थंडी-उष्णतेची भरपाई बाग पाहून ठरत नाही. ती महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. गारपिटीचं उलट आहे. तिथे शेतकऱ्याने स्वतः मुदतीत कळवायचं, मग पंचनामा. एकाच योजनेत असे दोन उफराटे नियम. वर्गात वाद व्हावा तो यावर, की पत्रकात आधी काय छापायचं. माझं मत गारपिटीच्या बाजूने. हवामान केंद्र आपलं काम शेतकऱ्याला न विचारता करतं. गारपिटीत मात्र त्याने कळवलं नाही, तर दावाच उभा राहत नाही.